रक्ताआधीचा तास : टाय वेस्ट यांचा ‘एक्स’

अतिहिंसक भयपट मला आवडतात असे चारचौघांत सांगितले की समोरचा माणूस क्षणभर माझ्याकडे निरखून पाहतो. त्या नजरेत काळजी असते आणि थोडा संशयही असतो. ही नजर मी बरीच वर्षे झेलत आलो आहे. तिला देण्याजोगे उत्तर मला कोणत्याही युक्तिवादात सापडले नाही. सापडले ते काही मोजक्या चित्रपटांत. टाय वेस्ट यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला ‘एक्स’ (२०२२) हा त्यांपैकी एक. पावणेदोन तासांच्या या चित्रपटात पहिला खून व्हायला जवळजवळ तासभर थांबावे लागते, आणि एकदा सुरुवात झाली की पडद्यावर जे घडते ते भल्याभल्यांना जेवणावरून उठवणारे आहे. तरीही तो संपल्यावर मला उबग आला नाही. एखाद्या कसबी कारागिराचे काम जवळून पाहायला मिळावे आणि त्या ओघात दोन-चारदा दचकायलाही व्हावे, तसे वाटले.

१९७९ साली टेक्ससमध्ये सहा जण एका व्हॅनमधून आडबाजूच्या शेतवाडीकडे निघाले आहेत. वेन (मार्टिन हेंडरसन) हा बोलघेवडा निर्माता आणि मॅक्सीन (मिया गॉथ) ही त्याची प्रेयसी. बॉबी-लिन (ब्रिटनी स्नो) आणि जॅक्सन (किड कडी) ही या धंद्यात मुरलेली जोडी. आरजे (ओवेन कॅम्पबेल) हा तरुण दिग्दर्शक, ज्याची आपण कलाकृती घडवत आहोत अशी ठाम समजूत आहे, आणि लॉरेन (जेना ऑर्टेगा) ही त्याची अबोल मैत्रीण, जी ध्वनिमुद्रणाचा दांडा धरायला आली आहे. शेतावरचे पाहुण्यांचे घर भाड्याने घ्यायचे आणि मालकाला पत्ता लागू न देता तिथे एक अश्लील चित्रपट उरकायचा, असा बेत आहे. व्हॅनच्या अंगावर ‘नांगरणी सेवा’ अशा अर्थाचे शब्द रंगवलेले आहेत, त्यातला चावटपणा समजायला फार वेळ लागत नाही. शेताचा म्हातारा मालक हॉवर्ड (स्टीफन यूर) हातात बंदूक घेऊनच दार उघडतो, आणि वरच्या खिडकीत त्याची पत्नी पर्ल उभी असते. ती काही बोलत नाही, नुसती बघत राहते.

वेनचे गणित साधे आहे. लोकांना आता घरच्या घरी चित्रपट पाहता येणार, तेव्हा जो लवकर माल तयार करील तो श्रीमंत होईल. अमेरिकेत घरी चित्रपट पाहण्याच्या व्हीएचएस कॅसेट १९७७ मध्ये बाजारात आल्या होत्या, त्यामुळे १९७९ मध्ये असा हिशेब करणारा माणूस अजिबात मूर्ख नाही. वेस्ट यांना येथे एक गंमत दिसली आहे. त्या काळचा स्वस्त भयपट आणि त्या काळचा स्वस्त अश्लील चित्रपट हे एकाच अर्थकारणाचे सख्खे भाऊ होते. भाड्याचा कॅमेरा, नाव नसलेली तरुण मंडळी, गावाबाहेरचे एक घर आणि प्रेक्षकांना दुसरीकडे पाहायला न मिळणारी एकच गोष्ट, एवढ्या भांडवलावर दोन्ही धंदे चालत. आरजे ज्या चित्रपटाचे स्वप्न पाहतो आहे आणि आपण जो पाहत आहोत, ते दोन्ही एकाच घरात, त्याच माणसांना घेऊन चालले आहेत, हे चित्रपट कुठेही ओरडून सांगत नाही.

‘एक्स’ ज्यांना वाकून नमस्कार करतो त्या जुन्या चित्रपटांविषयी थोडे सांगणे भाग आहे, नाहीतर त्याची खरी करामत हातून निसटते. अमेरिकी चित्रपटसृष्टीने स्वतःवर लादून घेतलेली ‘हेज कोड’ ही आचारसंहिता १९६८ मध्ये मोडीत निघाली आणि तिच्या जागी प्रेक्षकांच्या वयानुसार श्रेणी देण्याची पद्धत आली. त्याच वर्षी जॉर्ज रोमेरो यांचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ आला. त्यातले रक्त म्हणजे चॉकलेटचे सिरप होते, कारण कृष्णधवल चित्रात ते अगदी रक्तासारखे दिसते. त्यानंतर सहा वर्षांनी टोबी हूपर यांचा ‘द टेक्सस चेन सॉ मॅसॅकर’ आला आणि ‘एक्स’चे मूळ घराणे सांगायचे तर ते हेच. १९७३ च्या उन्हाळ्यात, टेक्ससच्या भाजून काढणाऱ्या उकाड्यात, १६ मिलिमीटरच्या चित्रफितीवर, दीड लाख डॉलरांहूनही कमी पैशांत तो चित्रित झाला, आणि त्यातला खरखरीतपणा हा त्या परिस्थितीतूनच आला. चित्रफितीचे दाणे, उन्हाने पिवळट झालेले रंग, नटांच्या अंगावरचा खराखुरा घाम, यांपैकी काहीच सजावट म्हणून केलेले नव्हते.

त्या चित्रपटात एका तरुणीला खाटकाच्या आकड्यावर लटकवले जाते. अनेकांच्या आठवणीत हा प्रसंग रक्ताने थबथबलेला असतो. प्रत्यक्षात पुन्हा पाहिला तर आकडा अंगात शिरताना दिसतच नाही. भिंतीवरचा आकडा दिसतो, तिचा चेहरा दिसतो, खाली ठेवलेले भांडे दिसते, आणि उरलेले सारे आपले मन भरून काढते. इतके कमी दाखवले म्हणून आपल्याला सौम्य श्रेणी मिळेल, अशी हूपर यांना आशा होती. ती अर्थातच मिळाली नाही. ज्याच्या नावावर इतकी हिंसा जमा आहे त्या चित्रपटात प्रत्यक्ष रक्त किती मोजके आहे, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्याला मानवंदना देऊ पाहणाऱ्यांनी कॅमेऱ्याला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मानवंदना देण्याचे दोन मार्ग असतात, आणि सोपा मार्ग पृष्ठभागाची नक्कल करण्याचा. क्वेंटिन टॅरंटिनो आणि रॉबर्ट रॉड्रिगेझ यांनी २००७ मध्ये ‘ग्राइंडहाउस’ या नावाखाली दोन चित्रपट एकाच खेळात दाखवले, मध्ये तेव्हा अस्तित्वातच नसलेल्या चित्रपटांच्या खोट्या जाहिराती घातल्या, आणि हा सारा मामला तीन तासांहून अधिक लांबला. त्यातल्या रॉड्रिगेझ यांच्या चित्रपटावर चरे, डाग आणि जळक्या कडा संगणकावर मुद्दाम चढवलेल्या आहेत. ऐन शय्यादृश्यात फीत पेटते, ‘रीळ गहाळ’ अशी पाटी झळकते आणि कथा पुन्हा सुरू होते तेव्हा घराला आग लागलेली असते व माणसांना एकमेकांची गुपिते ठाऊक झालेली असतात. या विनोदावर मी पोट धरून हसलो होतो. पण तो विनोद आहे, आणि एकदाच चालतो. खराब प्रिंटचे चरे ही जुन्या चित्रपटांची करणी नव्हती. त्यांना पुढे जे भोगावे लागले त्याच्या त्या खुणा होत्या. हूपर यांनी चरे काढले नव्हते. शेकडो प्रोजेक्टरांनी ते काढले.

वेस्ट यांना हा पृष्ठभाग जमत नाही म्हणून त्यांनी तो टाळला, असे म्हणायला जागा नाही. १९८० च्या दशकात घडणारा त्यांचा ‘द हाउस ऑफ द डेव्हिल’ (२००९) खरोखरच १६ मिलिमीटरवर चित्रित केला होता आणि प्रसिद्धीसाठी त्याच्या व्हीएचएस कॅसेटही काढल्या होत्या. त्याच दिग्दर्शकाने ‘एक्स’मध्ये खोटा चरा एकही मारलेला नाही. त्याऐवजी पहिल्याच शॉटमध्ये तो एक नाजूक खोडी काढतो. पडदा जवळजवळ चौकोनी दिसतो, जुन्या चित्रपटासारखा, आणि आपण मनात म्हणतो की आता सगळे असेच जुने दिसणार. मग कॅमेरा सावकाश पुढे सरकू लागतो आणि कळते की तो चौकोन म्हणजे अंधाऱ्या दाराची चौकट होती. कॅमेरा दारातून बाहेर पडतो, चित्र दोन्ही बाजूंना रुंदावते, समोर शेतातले घर आणि पोलिसांच्या गाड्या दिसतात. जुन्या चित्रपटाच्या दारातून आत नेण्याऐवजी वेस्ट आपल्याला त्या दारातून बाहेर काढतात. मला हे पाहताक्षणी आवडले. दुसऱ्यांदा पाहताना तर मी तेवढाच भाग तीनदा मागे नेऊन पाहिला.

संकलनातही हीच समज दिसते. एक प्रसंग संपून दुसरा सुरू होताना पुढच्या प्रसंगाच्या काही चौकटी आधीच लुकलुकतात, पुन्हा मागचा प्रसंग येतो, पुन्हा पुढचा, आणि मग बदल पक्का होतो. ‘ईझी रायडर’ (१९६९) पाहिलेल्यांना ही लकब ओळखीची वाटेल. येथे तिचा उपयोग असा की दिवसाच्या उजेडात रात्रीची काळी पाचर सतत घुसत राहते आणि आपली पाठ खुर्चीला नीट टेकत नाही.

या चित्रपटाचे मला सर्वांत अधिक अप्रूप वाटले ते एका वेगळ्याच कारणासाठी. हूपर यांच्या चित्रपटातल्या त्या खुनशी कुटुंबात एक आजोबा आहेत. ते इतके जख्ख म्हातारे आहेत की जिवंत आहेत की नाहीत याचीच आधी शंका येते. जेवणाच्या टेबलावर घरची मंडळी कौतुकाने त्यांच्या हातात हातोडा देतात, कारण ऐन उमेदीत त्यांच्याइतका सफाईदार खाटीक दुसरा नव्हता म्हणे. आता मात्र हातोडा त्यांच्या बोटांतून पुन:पुन्हा गळून पडतो. हे दृश्य हास्यास्पद आहे, भयंकर आहे आणि केविलवाणेही आहे. आजोबांचे काम विशीतल्या एका नटाने केले होते. पुन्हा तो मेकअप चढवून घ्यायची त्याची तयारी नव्हती, म्हणून तो प्रसंग चोवीस तासांहून अधिक काळ सलग चित्रित करावा लागला, असा त्याचा इतिहास आहे. पुढच्या पन्नास वर्षांत किती जणांनी त्या चित्रपटातली करवत उचलली, मुखवटा उचलला, मोडकी व्हॅन उचलली. वेस्ट यांनी आजोबांच्या हातातून गळणारा हातोडा उचलला. ज्याच्या अंगात बळ उरलेले नाही पण हाव मात्र जशीच्या तशी आहे, अशा म्हाताऱ्या माणसाला नेमके हवे तरी काय असते, हा प्रश्न हूपर यांनी विचारला नव्हता. ‘एक्स’ तोच विचारतो, आणि एका तरुण नटीला म्हातारीचे कातडे चढवून विचारतो.

कारण पर्लची भूमिकाही मिया गॉथ यांनीच केली आहे. बऱ्याच प्रेक्षकांना हे श्रेयनामावली येईपर्यंत कळत नाही. मला ठाऊक असूनही मधूनमधून विसर पडत होता. पर्लला मॅक्सीनचे तारुण्य दिसते आणि तिच्या पोटात काहीतरी ढवळून निघते. नवऱ्याने जवळ घ्यावे म्हणून ती त्याच्याकडे याचना करते, आणि तो हृदयाच्या दुखण्याचे कारण सांगून मान फिरवतो. रात्री बॉबी-लिन ‘लँडस्लाइड’ हे वय आणि बदल यांविषयीचे गाणे म्हणते, जॅक्सन गिटार वाजवतो, आणि चित्र मधोमध दुभंगते. एकीकडे बिअर पिणारी तरुण मंडळी, दुसरीकडे आपल्या घरात एकटी पर्ल. पुढे जिच्या हातून मुडदे पडणार आहेत त्या बाईविषयी आपल्या मनात माया निर्माण व्हावी, हे भयपटाच्या दृष्टीने फार धोक्याचे काम. वेस्ट ते गाण्याच्या आधाराने निभावून नेतात.

मग तो रक्ताआधीचा तास कंटाळवाणा आहे का? काहींना वाटेल. मला तो या चित्रपटाचा कणा वाटतो. मॅक्सीन एकटीच तळ्यात पोहायला उतरते तो प्रसंग घ्या. कॅमेरा थेट आकाशात चढतो आणि तिथून खाली पाहतो. हिरव्या-काळ्या पाण्याच्या पसाऱ्यात तिचे शरीर बोटाएवढे दिसते. ती आरामात काठाकडे परत फिरते, आणि पडद्याच्या एका कडेने एक मगर तिच्या मागे निघते. संगीत किंचाळत नाही, कॅमेरा जवळ जात नाही, कट होत नाही. ती आपल्या गतीने पोहत राहते, मगर आपल्या गतीने, आणि दोघींतले अंतर कमी होत जाते. मॅक्सीन लाकडी धक्क्यावर चढते. तिला काहीच कळलेले नसते आणि कधी कळणारही नसते. रक्ताचा एक थेंब न सांडता या प्रसंगाने माझे तळहात ओले केले, आणि त्यानंतर तळे हा शब्द जरी कुणी उच्चारला तरी मी सावध होऊ लागलो. जुन्या चित्रपटांचा उधार घेण्याजोगा ऐवज म्हणजे हा धीर.

आता त्या पहिल्या खुनाविषयी. कोणाचा ते सांगत नाही, जागा मात्र सांगतो. रात्र आहे, व्हॅनचे पुढचे दिवे चालू आहेत आणि त्या पिवळ्या झोतात पर्ल रात्रीच्या झग्यात उभी आहे. ती समोरच्या माणसाशी लगट करते, तो तिला दूर सारतो, आणि चाकू मानेत जातो. एकदा नव्हे, पुन:पुन्हा, जीर्ण हाताला झेपेल तेवढ्या जोराने आणि झेपेल त्याहून कितीतरी अधिक वेळ. रक्त दिव्यांच्या काचांवर उडते आणि सबंध दृश्याचा रंग बदलतो. जो उजेड आतापर्यंत पिवळा होता तो लाल होतो. कुणी रंगीत दिवा लावलेला नाही, प्रकाश रक्तातूनच गाळून येतो आहे. व्हॅनच्या रेडिओवर ‘डोन्ट फिअर द रीपर’ वाजत असते. जॉन कार्पेंटर यांच्या ‘हॅलोवीन’ (१९७८) या चित्रपटातही मोटारीत वाजलेले हे गाणे, म्हणजे जाणकारांना येथे हळूच डोळा मारलेला आहे. आणि त्या लाल उजेडात पर्ल नाचू लागते. हात वर, बोटे थरथरत, पाय जुन्या आठवणीने टाकलेले.

हा प्रसंग पाहताना मला भीती वाटली, शिसारी आली, हसूही फुटले, आणि या सगळ्याच्या तळाशी एक निखळ सौंदर्य जाणवले. आपल्या रसशास्त्रात भयानक आणि बीभत्स असे दोन रस वेगळे मानले आहेत, एकाचा स्थायीभाव भय आणि दुसऱ्याचा जुगुप्सा. हिंसक भयपटांची टिंगल करणारे बहुधा या दोहोंची गल्लत करतात. ते बीभत्सावर बोट ठेवतात आणि भयानक कुठे आहे असे विचारतात. चांगला अतिहिंसक चित्रपट आधी तासभर भयानकाची मशागत करतो, आणि मग त्यात बीभत्स असा फुटतो की दोन्ही रस एकमेकांना धरून वर येतात. मशागत केलीच नाही तर उरते ती खाटकाच्या दुकानाची चित्रफीत.

हिंसेची मांडणी किती विचारपूर्वक केली आहे, याचा आणखी एक नमुना. काळोख्या कोठारात एकाचा अनवाणी पाय उभ्या खिळ्यावर पडतो, आणि खिळा तळव्यातून आरपार जातो. पुढे त्याच माणसाच्या वाट्याला जे येते त्यात शेतीचे एक अवजार आहे आणि डोळे आहेत, याहून अधिक मी सांगणार नाही. दोन्ही प्रसंग मिनिटभराच्या अंतराने येतात. त्या अवजाराचा घाव कसा लागतो हे आपल्यापैकी कुणालाच ठाऊक नाही, त्यामुळे नुसता तोच दाखवला असता तर आपण लांबून पाहिला असता. खिळा मात्र प्रत्येकाला ठाऊक आहे. लहानपणी प्रत्येकाच्या तळव्यात काही ना काही घुसलेले असते. वेस्ट आधी तो छोटा, ओळखीचा ठणका आपल्या पायात जागा करतात, आणि मग त्याच्या वाटेने मोठा घाव आत सोडतात. माझ्याबरोबर चित्रपट पाहणारी एक मैत्रीण खिळ्यालाच खोलीबाहेर गेली. त्यापुढचे सगळे तिने दाराआडून ऐकले, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे ते पाहण्यापेक्षा वाईट होते.

दोष आहेत, आणि ते झाकण्याचे कारण नाही. पहिला दोष मेकअपचा. लांबून, अर्धवट उजेडात, खिडकीच्या काचेआडून पर्ल विलक्षण खरी वाटते, परंतु कॅमेरा चेहऱ्याजवळ गेला आणि दिवा समोरून पडला की कातडीचा जाडपणा जाणवतो, विशेषतः ओठांच्या कडांना. दुसरा दोष याहून गंभीर आहे. म्हातारपणाची भीती दाखवता दाखवता चित्रपट काही ठिकाणी म्हाताऱ्या शरीरालाच भीतिदायक वस्तू करून टाकतो. पर्ल आणि हॉवर्ड यांच्या शेजेचा जो प्रसंग आहे, ज्यात मॅक्सीन पलंगाखाली अडकलेली असते, त्यात आपण हसावे की हळहळावे हे दिग्दर्शकाने ठरवलेले नाही. काहींना हीच त्या प्रसंगाची खुबी वाटेल. मला तिथे वेस्ट यांचे पाऊल घसरल्यासारखे वाटले, कारण लँडस्लाइडच्या वेळी जमवलेली माया येथे एका स्वस्त ‘ईऽऽ’साठी खर्ची पडते.

शेवटची पंचवीस मिनिटेही घाईची आहेत. तासभर ज्या माणसांना एवढ्या निगुतीने उभे केले, त्यांतल्या काहींना फारच पटकन निकालात काढले आहे. जॅक्सन हा व्हिएतनाम युद्धातून परतलेला सैनिक आहे, शांत आणि दिलदार आहे, आणि त्याच्या वाट्याला आलेला शेवट मला पटकथेच्या सोयीचा वाटला. घरातल्या टीव्हीवर सुरुवातीपासून एक धर्मोपदेशक गर्जत असतो. त्याचा धागा ज्या रीतीने बांधला आहे तीही जरा जास्तच नीटनेटकी गाठ आहे. हूपर यांनी ती गाठ सैल सोडली असती.

या प्रकारच्या चित्रपटांचे दुसरे टोक पाहायचे असेल तर डेमियन लिओनी यांच्या ‘टेरिफायर’ मालिकेकडे वळावे लागते. तिथे संयमाला रजा आहे. ‘टेरिफायर २’ (२०२२) सुमारे अडीच लाख डॉलरांत तयार झाला आणि तरीही सव्वादोन तासांहून अधिक चालतो. १९८० च्या दशकातले रबर, लेटेक्स आणि सिरप यांचे हातकाम त्यात इतक्या प्रेमाने आणि इतक्या प्रमाणात केले आहे की काही वेळाने मी मेलेल्या माणसाकडे पाहणे सोडून शिवण कुठे आहे ते शोधू लागलो. ती वेगळी मजा आहे, जादूगाराच्या बाहीत डोकावण्याची. ती मजा मी कमी लेखत नाही, पण त्या चित्रपटातला कुठलाही क्षण मला दुसऱ्या दिवशी आठवून गलबलून आले नाही. ‘एक्स’मधली पर्ल मात्र आठवडाभर सोबत राहिली.

ध्वनी आणि संगीत यांकडे दुर्लक्ष होऊ नये. टायलर बेट्स आणि चेल्सी वुल्फ यांच्या पार्श्वसंगीतात मानवी आवाज वाद्यासारखा वापरला आहे. श्वास, हुंकार, उसासे यांचे पदर एकावर एक चढत जातात, आणि ज्या चित्रपटातली मंडळी उसासे चित्रित करायलाच आली आहेत त्यात हे किती चपखल बसते ते सांगायला नको. म्हणून हा चित्रपट टीव्हीच्या पातळ आवाजात पाहू नये. बरे हेडफोन असतील तर ते लावावेत आणि खोलीत अंधार करावा. नग्नता आणि शय्यादृश्ये भरपूर आहेत, हिंसा वर सांगितली तशी आहे, तेव्हा हा निव्वळ प्रौढांचा चित्रपट आहे. डोळ्यांना होणारी इजा ज्यांना पाहवत नाही त्यांनी कोठारातल्या प्रसंगाला पडद्यावरून नजर हटवावी. रस्त्यावर ट्रकखाली चिरडलेल्या गाईचे दृश्य सुरुवातीलाच येते; ते सहन झाले तर पुढचेही होईल, असा ढोबळ अंदाज बांधायला हरकत नाही.

चित्रीकरणासाठी न्यूझीलंडमध्ये टेक्सस उभे केले होते, आणि त्याच मुक्कामात, त्याच घरात, वेस्ट यांनी लगोलग ‘पर्ल’ही (२०२२) चित्रित करून टाकला. १९१८ मध्ये घडणारी ती पूर्वकथा मिया गॉथ यांनी वेस्ट यांच्याबरोबर लिहिली आहे, आणि तिचा चेहरामोहरा सर्वस्वी निराळा, म्हणजे जुन्या हॉलिवूडच्या गडद, रसरशीत रंगांचा आहे. तिसरा ‘मॅक्झीन’ (२०२४) १९८५ च्या लॉस एंजेलिसमध्ये घडतो. तो चकचकीत आहे, मला तिघांत सर्वांत कमी आवडला. कथेचा काळ पाहून ‘पर्ल’पासून सुरुवात करण्याचा मोह होईल, तो आवरावा. आधी ‘एक्स’ पाहावा, मग ‘पर्ल’. तिथे तरुण पर्ल नर्तकी व्हायचे म्हणून जीव तोडून निवड चाचणीला उतरते, मंचावर नाचते, आणि परीक्षकांच्या उत्तराची वाट पाहत उभी राहते. ते पाहून झाल्यावर ‘एक्स’मधला व्हॅनच्या दिव्यांसमोरचा तो लाल नाच पुन्हा लावावा. पहिल्या खेपेला मला त्यात एका वेड्या म्हातारीचे थरथरणारे हात दिसले होते. दुसऱ्या खेपेला मी तिची पावले पाहत होतो, आणि प्रेत शेजारी पडलेले आहे हे माझ्या लक्षात यायला काही क्षण जावे लागले.